मेलंय काय जितं हाय?

ज्युनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवंगार दिसतं. एवढी एक गोष्ट विकणाऱ्याने आधी सांगितली असती तर त्या दिवशी मी या सूचिपर्णी झाडाचं बोन्साय, म्हणजे जपानी पद्धतीने कुंडीत मुद्दाम लहान ठेवलेलं झाड, न घेता जास्वंद घेऊन घरी आलो असतो. जास्वंद सरळ स्वभावाची. पाणी चुकलं की दुपारी मान टाकते, मिळालं की संध्याकाळी उचलते. ज्युनिपरचं तसं नाही. मुळं कुजली, फांद्यांतला ओलावा गेला, आतला सगळा कारभार आटोपला, तरी वरचा हिरवा रंग तसाच ठेवून ते उभं. तपकिरी पडायला लागतं तोवर त्याचं महिन्याचं श्राद्धसुद्धा उलटून गेलेलं असतं.

म्हणून बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या अंगणात येणारी माणसं माझी तब्येत विचारायच्या आधी कुंडीकडे बोट करतात. "काय हो, मेलंय काय जितं हाय?" आणि मी दरवेळी खरं तेच सांगतो, "अजून कळलेलं नाही."

खात्री करून घ्यायची एक रीत आहे. फांदीची साल नखाने जराशी खरवडायची. खाली ओलं हिरवं दिसलं तर जीव आहे. या रीतीबद्दल एकदा चारचौघांत बोलणं झालं, तेव्हापासून सिलिंडरवाल्यापासून मुलाच्या मित्रांपर्यंत सगळ्यांची नखं शिवशिवायला लागली. माझे सासरे तर नख लावल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. हे झाड रोगाने जाणार नाही, तपासण्यांनी जाईल.

विकणारा मोठा गोड माणूस. अर्धं मराठी, अर्धं कानडी, मधून मधून "सर". म्हणाला, "हॉलमध्ये टीपॉयवर ठेवा सर, एसी असला तर फस्ट क्लास." ज्युनिपर हे उघड्यावरचं झाड. त्याला रोज निदान पाच-सहा तास ऊन लागतं, वारा लागतो, हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते. हॉलमधल्या टीपॉयवर ते जगत नाही, फक्त मेल्याचं लपवतं. सुदैवाने आमच्याकडे एसी नाही आणि टीपॉयवर पेपरची रद्दी असते. त्यामुळे झाड बाहेर राहिलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, डिसेंबरात इथे स्वेटर काढावा लागतो. जपानची थंडी नव्हे, पण झाडाची समजूत काढण्यापुरती आहे.

बाहेर म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न. अंगणात दिवसभर ऊन पडतं अशी जागा एकच, आणि ती तुळशीची. आईने पुष्कळ विचार करून तुळशीकट्ट्याच्या शेजारी जागा दिली, "पण विटाळ होऊ देऊ नको" या अटीवर. झाडाला विटाळ कसला ते मी विचारलं नाही. पुढे असं झालं की सकाळी हळदीकुंकू वाहताना दोन बोटं इकडेही यायला लागली. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका त्याला मोरपंखी समजतात, उरलेल्या सुरू समजतात, आणि दोन्ही पक्ष नमस्कार करतात.

वास्तूवर श्रद्धा असलेले एक गृहस्थ मागच्या गल्लीत राहतात. त्यांनी फाटकातूनच बजावलं, "बोन्साय ठेवलं की घरातल्या माणसांची वाढ खुंटते." त्याच वर्षी आमच्या चिरंजीवांच्या सगळ्या पँटी घोट्याच्या वर गेल्या. मी शाळेच्या कपड्यांचं बिल त्यांना दाखवलं. त्यांचं मत बदललं नाही, फक्त "अजून बघा" म्हणाले.

गोव्याला वरचेवर जाणारा एक चुलतभाऊ मात्र आस्थेने जवळ बसला, पानांचा वास घेतला आणि हळूच म्हणाला, "जिन ह्याचीच करतात न्हवं?" जिनला जो वास असतो तो ज्युनिपरच्या फळांचा, हे खरं आहे. पण ती फळं साध्या ज्युनिपरची, युरोपातली. माझं रोप चिनी ज्युनिपरच्या कुळातलं. हे ऐकल्यावर त्याला चोर्ला घाटातून जायला उशीर होत असल्याचं आठवलं.

आता तारेबद्दल. फांदीला वळण द्यायचं तर तिला तार गुंडाळायची, साधारण पंचेचाळीस अंशांच्या तिरकसपणे, आणि तार फांदीच्या तिसरा हिस्सा जाड. अ‍ॅल्युमिनियमची तार मिळते, तांब्याची त्याहून चांगली, पण तांबं आधी तापवून मऊ करावं लागतं. खडेबाजारात वायरिंगवाल्याकडून जुनी वायर आणून, प्लास्टिक सोलून, मी ती अंगणात शेगडीवर तापवत बसलो तेव्हा गल्लीत जी चर्चा झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. सगळ्या फांद्या बांधून झाल्यावर शेजारचं एक पोरगं येऊन उभं राहिलं. बराच वेळ बघून त्याने विचारलं, "काका, ह्यानं काय केलंय?"

मी सांगितलं, काही नाही केलं, त्याला आकार देतोय. पोरगं दोन पावलं मागे सरकलं. नंतर कळलं की अभ्यास केला नाही तर काकांकडे पाठवीन, असं त्याची आई सांगायला लागली होती.

ही तार महिनोन्‌महिने ठेवायची आणि सालीत रुतायच्या आत काढायची. काढताना उलगडायची नाही, तुकडे करून कापायची, नाहीतर फांदी मोडते. इतकं करून फांदी जिथे वळवली तिथे राहीलच असंही नाही. मग पुन्हा तार. खोड जाड व्हायला तर वर्षंच्या वर्षं जातात. बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून हबकतात. बेळगावचा माणूस हबकत नाही. आमच्या गावाचा सीमाप्रश्न 1956 पासून लोंबकळतोय, महाजन अहवाल 1967 सालचा, खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात. फांदीला चार वर्षं लागतील म्हटल्यावर आमच्याकडे लोक म्हणतात, "एवढ्यात?"

पण खरी कसोटी कुंडी बदलण्याची. लहान ज्युनिपरची दर दोन-तीन वर्षांनी, म्हाताऱ्याची चार-पाच वर्षांनी बदलतात. थंडी ओसरताना, ऊन कडक व्हायच्या आत हे काम करायचं. आमच्याकडे म्हणजे फेब्रुवारीत.

तयारी माती तयार करण्यापासून होते, आणि त्या मातीत माती नसते. बेळगावची लाल माती भाताला, भाजीला सोन्यासारखी, पण उथळ कुंडीत घालून जूनच्या पावसात ठेवली तर चिखल, आणि चिखलात ज्युनिपर म्हणजे पुन्हा तो हिरवा मुडदा. जपानी लोक अकादामा नावाची खास दाणेदार माती वापरतात. तिची किंमत ऐकून मी जुन्या घराची उतरवलेली मंगळुरी कौलं अंगणात घेतली आणि हातोडीने फोडायला बसलो. तीन ते सहा मिलिमीटरचे दाणे ठेवायचे, धूळ फेकायची. यासाठी दोन चाळणी लागतात. आमच्या घरात दोनच चाळणी आहेत. या विषयावर बायकोचं आणि माझं जे बोलणं झालं त्यातला शेवटचा भाग एवढाच, की आता त्या चाळणी माझ्या आहेत आणि तिच्या नव्या स्टीलच्या आहेत. कौलांचे दाणे, कोळशाचे तुकडे, जाड वाळू आणि थोडं शेणखत असं मिश्रण झालं. समोरच्या घरातून आवाज आला, "बांधकाम काढलासा काय?"

कुंडीसाठी खानापूरला गेलो. तिथली कुंभारकाम करणारी मंडळी नावाजलेली. मी मापं सांगितली: लांबट, दोन-अडीच इंच खोल, तळाला मोठी भोकं. कुंभाराने चाकावरचा हात थांबवला. "हे ताट म्हणायचं काय कुंडी?" मी म्हटलं, कुंडीच. "मग माती कुठं घालणार?" मी म्हटलं, माती नाही घालायची. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या स्कूटरकडे बघितलं आणि आगाऊ पैसे मागितले.

कुंडी बदलायच्या दिवशी घर जमलं. झाड जुन्या कुंडीतून काढलं. मुळं गोल गोल फिरून कुंडीच्याच आकाराची झाली होती. ती काडीने हलक्या हाताने मोकळी करायची. जपानी लोक जेवायच्या काड्या वापरतात, मी बायकोची विणायची सुई घेतली, कारण चाळणींनंतर आता बिघडायचं काही राहिलं नव्हतं. मुळं एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायची नाहीत, आणि जुनी माती सगळी धुऊन काढायची नाही. हे मी मोठ्याने सगळ्यांना सांगत होतो. तेवढ्यात आईला मुळांवर पांढरं जाळं दिसलं.

"बुरशी लागली की रे! हळद आण गं."

ती बुरशी मित्रपक्षातली असते. मुळांच्या संगतीने राहते, झाडाला पाणी आणि क्षार मिळवून देते, बदल्यात साखर घेते. ती दिसली तर बरं लक्षण. हे मी समजावेपर्यंत हळदीचा डबा आला होता. मी एका हाताने झाड आणि दुसऱ्या हाताने आईचा हात धरून उभा, आणि सासरे या गडबडीत शांतपणे साल खरवडून बघत होते.

शेवटी झाड नव्या कुंडीत बसलं. भोकांवर जाळी, भोकांतून आणलेल्या तारेने मुळं घट्ट बांधलेली, कारण झाड हललं तर कोवळी मुळं तुटतात. दाणे सुईने खोचून पोकळ्या भरल्या. आता काही आठवडे सावलीत ठेवायचं, वारा लागू द्यायचा नाही, खत द्यायचं नाही, छाटणी करायची नाही. आईने ऐकलं आणि तिचा चेहरा खुलला. "म्हणजे बाळंतिणीचंच सगळं. आधी का सांगितलं नाहीस?" त्या संध्याकाळपासून कुंडीला ओवा आणि बाळंतशोपांची धुरी सुरू झाली. हिमालयात धुरीसाठी ज्युनिपरचाच पाला जाळतात, हे मी तिला सांगितलं नाही. उगाच माझंच झाड शेगडीजवळ गेलं असतं.

त्यानंतरचे आठवडे फार वाईट. झाड हिरवं आहे, पण हिरवं तर ते कसंही असतं. एप्रिलात पानं जरा निस्तेज वाटली. लाल कोळी नावाची बारीक कीड आहे का बघायला फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारायची. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी. पांढरा कागद म्हणून लग्नपत्रिकेची मागची बाजू धरली. ठिपके चालले. रोज पानांच्या खालून पाण्याचा फवारा सुरू केला.

मग पावसात कोल्हापूरला घरचं लग्न निघालं आणि झाड शेजारच्या काकूंवर सोपवलं. जाताना बजावलं, पाऊस असला तर पाणी नको. परत आलो तर कुंडीत तळं. काकू म्हणाल्या, "रोज दोन टायम पाणी घातलो की मी. पावसाचं असू दे, त्याला घरचं पाणी नको होय?" वर तांदळाचं धुणंही घातलं होतं, लेकरू एकटं आहे म्हणून.

एक पांढरा पाइन आहे. 1625 पासून बोन्साय म्हणून वाढवलेला, हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाकडे होता. 1945 साली बॉम्ब पडला तिथून दोनेक मैलांवर, भिंतीआड. वाचला. 1976 साली त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला आणि तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. मोठीच गोष्ट. पण त्याच्या शेजारी काकू नव्हत्या.

तरीही दसऱ्याच्या सुमाराला शेंड्यांवर फिकट, पोपटी ठिपके दिसले. नवी पालवी. मेलेलं झाड हिरवं राहू शकतं, पण नवी पालवी काढू शकत नाही. मी सगळ्यांना बोलावलं. सासऱ्यांना नख आवरायला सांगितलं. आई चष्मा लावून वाकली, निरखून बघितलं आणि म्हणाली, "जितं हाय. आता बाबा मोठ्या कुंडीत लाव त्याला, वाढंल तरी."

काकूही आल्या होत्या. छाटणीच्या वेळी मी टाकून दिलेल्या काड्या त्यांनी कधीतरी उचलून नेल्या होत्या आणि गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यात, साध्या लाल मातीत खोचल्या होत्या. तार नाही, चाळण नाही, जपान नाही. त्यातली एक आता त्यांच्या गुडघ्याला लागते. पदराने हात पुसत त्यांनी माझ्या कुंडीकडे कळवळून बघितलं.

"तुमचं अजून तेवढंच काय हो? थोडं धुणं पाठवून देऊ?"