वाटून वापरलेला स्पेक्ट्रम लिलावाच्या आकड्यांसाठी मोडू नका

अमेरिकेत स्पेक्ट्रमची, म्हणजे मोबाइल, रडार, वायफाय ज्यावर चालतात त्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांची, ओढाताण पुन्हा सुरू झाली आहे. दूरसंचार नियामक एफसीसीचा लिलाव करण्याचा अधिकार मार्च २०२३ मध्ये संपला होता. जुलै २०२५ च्या कायद्याने तो परत मिळाला आणि सोबत आदेशही आला: ८०० मेगाहर्ट्झ शोधा आणि लिलावात काढा. यातला मोठा वाटा सरकारी खात्यांकडच्या पट्ट्यांतून काढायचा आहे. तिथे आज लष्कर किंवा इतर कुठली सरकारी यंत्रणा बसलेली आहे. त्यांना उठवायचं आणि पट्टा मोबाइल कंपन्यांना द्यायचा, की दोघांनी तो वाटून वापरायचा, हा खरा प्रश्न आहे. मी ठामपणे वाटून वापरण्याच्या बाजूने आहे. आणि हे सगळं स्वप्नरंजन नाही, कारण ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते प्रत्यक्ष चालू आहे.

या पट्ट्यात अमेरिकी नौदलाची रडार चालतात. युद्धनौका समुद्रात, त्यामुळे रडारही समुद्रात किंवा किनाऱ्यालगत. देशाच्या मधल्या भागात तो पट्टा वर्षानुवर्षं जवळजवळ रिकामाच पडून होता. २०१० मध्ये सरकारी स्पेक्ट्रम सांभाळणाऱ्या एनटीआयएने हिशोब केला, की इथे मोबाइल सेवा आणायची तर किनाऱ्यापासून आत खोलवर बंदी घालावी लागेल. त्या बंदीच्या टापूत देशाची जवळपास ६० टक्के लोकसंख्या येत होती. म्हणजे पट्टा व्यापारी वापरासाठी निरुपयोगीच.

मग बदललं काय? पहिला हिशोब उंच टॉवर आणि भरपूर पॉवर, म्हणजे सिग्नलची ताकद, गृहीत धरून केला होता. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान-तंत्रज्ञान सल्लागार परिषदेने सांगितलं, की सरकारी पट्टे रिकामे करून घेण्याच्या मागे लागू नका, वाटून वापरायची यंत्रणा उभी करा. एफसीसीने पॉवर कमी ठेवून नियम आखले आणि २०१५ पर्यंत तो बंदीचा टापू ७७ टक्क्यांनी आक्रसला. रडार तेच, समुद्र तोच. फक्त जमिनीवरच्यांनी आवाज खाली आणला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजचं भांडण नेमकं इथे, पॉवर वाढवायची की नाही यावर, येऊन अडतं.

या व्यवस्थेला सीबीआरएस (सिटिझन्स ब्रॉडबँड रेडिओ सर्व्हिस) म्हणतात. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वर नौदल आणि आधीपासूनचे उपग्रह केंद्रांसारखे वापरकर्ते. त्यांच्याखाली लिलावात परवाना घेतलेले, प्रत्येक काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) १० मेगाहर्ट्झचे जास्तीत जास्त सात परवाने. तिसऱ्या पायरीवर कोणीही: मान्यताप्राप्त उपकरण घ्या, नोंदणी करा, वापरा. किनाऱ्यावर सेन्सर बसवलेले आहेत. रडारची चाहूल लागली की ते मध्यवर्ती सॉफ्टवेअरला कळवतात आणि त्या भागातल्या उपकरणांना ३०० सेकंदांच्या आत बाजूला व्हावं लागतं. जहाज नेमकं कुठे आहे, हे सेन्सरने उघड करायचं नाही, असंही बंधन आहे. लष्कराची गुप्तता आणि शाळेचं नेटवर्क एकाच पट्ट्यात नांदवणं ही साधी कामगिरी नाही.

याच व्यवस्थेवर आज होणारा आक्षेप असा: पैसे कमी मिळाले. २०२० मध्ये या पट्ट्यातल्या ७० मेगाहर्ट्झच्या लिलावातून सुमारे साडेचार अब्ज डॉलर आले. लगतच्याच ३४५० ते ३५५० च्या पट्ट्यात, जिथे पॉवर जास्त आणि बंधनं कमी, २०२२ च्या सुरुवातीला संपलेल्या लिलावात १०० मेगाहर्ट्झला साडेबावीस अब्ज मिळाले. ही तुलना दाखवून सांगितलं जातं, की वाटणी म्हणजे घाट्याचा धंदा.

मला ही तुलना मुळातच चुकीची वाटते. सीबीआरएसच्या १५० पैकी निदान ८० मेगाहर्ट्झ लिलावात नव्हतेच, ते तिसऱ्या पायरीसाठी खुले आहेत. शिवाय परवानाधारक आपला भाग वापरत नसेल तर तोही इतरांना मोकळा. खेड्यांत इंटरनेट पोहोचवणारे छोटे पुरवठादार, कारखाने, बंदरं, विद्यापीठं, शाळा, सगळे तिथे कामं करतात. त्यांनी तिजोरीत लिलावाचे पैसे भरले नाहीत म्हणून त्यांच्या वापराची किंमत शून्य धरायची? आणि २०२० च्या त्या लिलावातही २२८ बोलीदार जिंकले होते. मोठ्या लिलावात एवढ्या छोट्या खेळाडूंना जागा मिळणं किती दुर्मीळ आहे, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

म्हणून इथली पॉवर वाढवा ही मागणी ऐकली की मला काळजी वाटते. दिसायला ती तांत्रिक दुरुस्ती आहे. पण पॉवर वाढली की बंदीचा टापू वाढतो, शेजाऱ्याला त्रास वाढतो आणि तिसऱ्या पायरीवरचा माणूस सगळ्यात आधी बाहेर फेकला जातो. आक्रसलेला टापू हीच तर या पट्ट्याची कमाई आहे. २०२४ मध्ये सुधारित गणितानंतर किनाऱ्यावरच्या रडारसाठीच्या निर्बंधांबाहेर असलेली लोकसंख्या सुमारे २४ कोटींवर गेली. कमी पॉवरच्या चौकटीत राहून मिळालेलं यश आहे हे.

वाटणी कशीही केली तरी चालते, असं मात्र मी म्हणणार नाही. ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचं उदाहरण बोलकं आहे. तिथे रडार ऐकू आलं की चॅनेल सोडायची जबाबदारी प्रत्येक उपकरणावर टाकली होती. २००९ मध्ये प्वेर्तो रिकोतल्या सान ह्वानच्या विमानतळाजवळच्या हवामान रडारला त्रास होऊ लागला. हे रडार विमानांना धोकादायक वाऱ्यांची सूचना देतं. काही ठिकाणी उपकरणांत ती सोय बंद करून ठेवलेली सापडली, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या प्रामाणिकपणावर विसंबून भागत नाही. मध्यवर्ती यंत्रणेची परवानगी, नोंदणी, आणि नियम मोडणाऱ्याला दंड हे सगळं लागतं. सीबीआरएसमध्ये ते आहे, म्हणून मी त्याची बाजू घेतो.

सीबीआरएसमध्येही सुधारायला जागा आहे. किनाऱ्यावरच्या सेन्सरना बारीक सिग्नल ऐकू यावा म्हणून त्यांच्या आसपास इतरांना दबून राहावं लागतं. म्हणजे रडारच्या रक्षणासाठी लावलेली उपकरणंच काही टापू अडवून बसतात. सरकारी वापरकर्त्याने स्वतःच सुरक्षित पद्धतीने, वेळापत्रक नोंदवून, 'अमुक भागात अमुक वेळ पट्टा लागणार' असं यंत्रणेला कळवलं तर सेन्सरवरचा भार पुष्कळ हलका होईल. एनटीआयएने हा विचार मांडलेला आहे. माझ्या मते नव्या पट्ट्यांत तो पहिल्या दिवसापासून सक्तीचा हवा. पट्टा वापरायचा हक्क सरकारी खात्याला असेल, तर तो कधी लागत नाही हे सांगायचं कर्तव्यही त्याचंच आहे. आणि हे ८०० मेगाहर्ट्झ निवडताना प्रत्येक सरकारी पट्ट्याबाबत आधी हेच विचारलं जावं: तो कुठे आणि किती वेळ खरोखर वापरात आहे? ते मोजल्याशिवाय लिलावाची तारीख ठरवू नये.