परग्रहवासी हॉलमध्ये घेण्यापूर्वी

परीक्षा संपली, गंगापूर धरण पाहून झालं, मिसळ खाऊन झाली आणि आता तुमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांना अंतराळातली मालिका पाहायची आहे. घाबरू नका. मालिका सहकुटुंब पाहण्याजोगी आहे का हे ठरवायचं एक शास्त्र आहे, फक्त त्यात विज्ञान लागत नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मालिका स्वतः आधी पाहू नका. पाहिली की मत बनतं आणि मग घरच्या बैठकीत बोलायला काही उरत नाही. सरकारने 2021 च्या नियमांत ओटीटीसाठी यू, यू/ए 7+, 13+, 16+ आणि ए अशा पायऱ्या पाडून दिल्या आहेत. 13+ पासून वर कुलपाची सोय ठेवणं प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे. तुम्ही कुलूप लावाच. पिन विसरू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली लिहून ठेवा. मुलं कॅलेंडर फक्त सुट्ट्यांसाठी पाहतात.

रिमोट मात्र ज्याला चष्म्याशिवाय फॉरवर्डचं बटण सापडतं त्याच्याच हातात द्या. आमच्याकडे तो मान माझा. परवा यानातले दोघं एकमेकांच्या जरा जास्तच जवळ सरकले, मी चपळाईने बटण दाबलं आणि ते पॉजचं निघालं. त्रेचाळीस इंची पडद्यावर ते दोघं तस्सेच थांबले. पुढची बटणं मला सापडेनात. पिठाच्या हातानेच आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "बुडाला होता का रे तो? तोंडाने श्वास देतेय म्हणून विचारलं." हो म्हणा. अशा वेळी हेच उत्तर द्यायचं असतं.

मारामारीची काळजी सोडा. माणूस किरणांनी वाफ होऊन गेला तर रक्त नाही, फरशी पुसणं नाही. अख्खा ग्रह रहिवाशांसकट उडाला तरी घरात कुणाचा पापड मोडायचा थांबत नाही.

ज्येष्ठांची संमती हवी असेल तर बीबीसीच्या 'डॉक्टर हू'पासून सुरुवात करा. ही मालिका 1963 सालची. 1966 मध्ये नायकाचं काम करणाऱ्या विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा लेखकांनी नायकाचं शरीरच बदलून टाकलं. माणूस तोच, चेहरा नवा. हे आईच्या गळी उतरवायला मी चांगली पंधरा मिनिटांची तयारी केली होती. "वासांसि जीर्णानि," ती म्हणाली, "पुढे लाव." इंदिरानगरचे काका अडले ते वेगळ्याच ठिकाणी. 2017 मध्ये डॉक्टरची बाई झाली, हे पोरांना कसं सांगायचं? आईने कणीक मळता मळता एकच शब्द टाकला, "मोहिनी." काकांनी चहा मागितला.

एवढं करूनही शंका राहिली तर मालिका बंद करा आणि संध्याकाळची नेहमीची कौटुंबिक मालिका लावा. तिथे धाकटी जाऊ थोरलीच्या दुधात काहीतरी कालवत असते. चालतं. घरातलीच माणसं आहेत.

आता शेवटची खबरदारी. सुट्टीत पाहुणे येणार आणि तुम्ही त्यांना तपोवनात नेणार. शूर्पणखेचं नाक कापणारा लक्ष्मण तिथे रंगवून उभा केलाय. याच नाकावरून आपल्या गावाला नाव पडलं, हे तुम्ही पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगणार. तेव्हा चिरंजीवांना जरा लांब उभं करा. मी केलं नाही. त्याने पुतळा नीट निरखला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाबा, हे किती प्लस?"

बाहेर उसाच्या रसाची गाडी असते. आलं-लिंबू घालून मागवा, म्हणजे ग्लास यायला जरा वेळ लागतो.