‘दहा हजारांच्या खाली सगळं फुकट’ हे खरं नाही

घरच्यांच्या, सोसायटीच्या, निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फोनमधलं पावलं मोजणारं अ‍ॅप ही फसवणूक आहे. दिवसाला दहा हजार पावलं होत नसतील तर चालण्याचा उपयोग नाही. फोन चुकीचं मोजतो, त्यासाठी मनगटी घड्याळच हवं. अ‍ॅप सतत लोकेशन चालू ठेवतं आणि बॅटरी खातं. घरातली पावलं धरायची नाहीत, सलग अर्धा तास चाललात तरच व्यायाम. आणि आकडा बघून कुणाची तब्येत सुधारत नाही.

नुकताच मधुमेह निघालेला किंवा गुडघे धरलेला माणूस हे वाचून ‘आपल्याला कुठे जमणार’ म्हणत घरीच बसेल, म्हणून मला हा मजकूर तसाच सोडवत नाही.

आधी दहा हजारांचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. हा आकडा वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. १९६५ मध्ये यामासा या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार हा आकडा घातला. गोल, लक्षात राहणारा आकडा. तो जगभर पसरला. त्याची तपासणी खूप नंतर झाली.

हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सुमारे १६,७०० अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय होतं ७२. रोज २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चारेक वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. फायदा साधारण ७,५०० पावलांपर्यंत वाढत गेला आणि पुढे जवळजवळ स्थिरावला. मुळात धडधाकट असलेली माणसं जास्त चालतात, त्यामुळे हा सगळा फरक चालण्यानेच पडला असं म्हणता येणार नाही. तरीही वेगवेगळ्या देशांतले १५ अभ्यास, म्हणजे सुमारे ४७ हजार माणसं, एकत्र धरून २०२२ मध्ये जे विश्लेषण झालं, त्यातही चित्र असंच निघालं: साठीच्या पुढे सहा ते आठ हजारांवर फायदा स्थिरावतो, त्याहून तरुणांमध्ये आठ ते दहा हजारांवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्या माणसांसाठी पावलांचा आकडाच नाही. तिथे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे.

आता आपलं बघा. फोनमधल्या नोंदींवरून २०१७ मध्ये अनेक देशांची तुलना प्रसिद्ध झाली, तिच्यात भारतीयांची दिवसाची सरासरी ४,३०० पावलांच्या आसपास होती. अशा ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाला दहा हजारांचा डोंगर दाखवायचा आणि पायथ्याशी जे मिळतं ते फुकट आहे म्हणायचं, हे सरळसरळ घातक आहे. तीन हजारांवरून पाच हजारांवर जाणाऱ्याच्या पदरात बरंच काही पडतं.

‘फोन चुकीचं मोजतो.’ थोडं चुकतो, हे खरं. पण घड्याळही चुकतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १४ निरोगी तरुणांना ट्रेडमिलवर चालवून दोन्ही तपासले. २०१५ मध्ये आलेल्या त्या निकालात फोनमधली अ‍ॅप साधारण सात टक्क्यांच्या आत-बाहेर होती, तर मनगटावरचा एक पट्टा २० टक्क्यांहून जास्त कमी मोजत होता. चाचणी छोटी होती, उपकरणंही आता जुनी झाली. पण महाग तेच अचूक, हा समज तिने मोडला.

फोन चुकतो कुठे, हे समजून घेतलं तर तो जास्त कामाला येतो. आतला सेन्सर शरीराला बसणारे हेलकावे टिपतो आणि त्यांच्या लयीवरून पाऊल ओळखतो. पाय घासत, अगदी हळू, किंवा वॉकर धरून चालणाऱ्यांचे हेलकावे लहान असतात, त्यामुळे त्यांची पावलं गळतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर चालवली तर न टाकलेली पावलं कधी कधी जमा होतात. आणि सगळ्यात मोठी गळती म्हणजे फोन अंगावर नसणं. बायकांच्या कपड्यांना बहुतेक वेळा खिसाच नसतो. स्वयंपाकघर, गच्ची, नळाचं पाणी, पोरांची शाळा या सगळ्यात दिवसभर पायांना उसंत नसते आणि फोन मात्र ओट्यावर चार्जिंगला लावलेला. संध्याकाळी अ‍ॅप ‘१,२००’ दाखवतं आणि घरातलेच म्हणतात, तू चालत नाहीस. तो आकडा तिच्या चालण्याचा नाही, फोनच्या चालण्याचा आहे. कमरेला खोचता येईल असा छोटा बटवा शिवून घ्या, फोन त्यात ठेवा, आणि मग बोला.

आपल्या फोनवर किती विसंबायचं ते घरीच तपासता येतं. फोन नेहमीच्या जागी ठेवून मनात मोजत २०० पावलं चाला आणि मिनिटभराने आकडा बघा. दहा-पंधराचा फरक आला तर बिघडत नाही. फोन रोज त्याच जागी असेल तर चूकही साधारण तेवढीच राहते, आणि आपल्याला कालच्या आपल्याशीच तुलना करायची आहे.

लोकेशनचा मुद्दा लवकर संपतो. पावलं मोजायला ना जीपीएस लागतं ना इंटरनेट. २०१३ पासून अँड्रॉइडमध्ये पावलांच्या सेन्सरची वेगळी सोय आहे, आणि तो सेन्सर असलेल्या फोनमध्ये या कामाला बॅटरी अगदी थोडी लागते. अँड्रॉइड १० पासून अशा अ‍ॅपला शारीरिक हालचालीची परवानगी मागावी लागते. नकाशावर रस्ता आखणाऱ्या अ‍ॅपला लोकेशन लागतं, ते वेगळं. पण फक्त पावलं मोजणारं अ‍ॅप तुमचे कॉन्टॅक्ट्स मागत असेल तर ते काढून टाका. तेवढी सावधगिरी रास्तच आहे.

‘घरातली पावलं धरायची नाहीत.’ व्यायाम किमान सलग दहा मिनिटांचा असावा असं पूर्वी सांगितलं जायचं. २०२० च्या सूचनांमधून ती अट काढली गेली. जेवणानंतर घरातल्या घरात घातलेल्या दहा मिनिटांच्या फेऱ्यांनीही रक्तातली साखर कमी चढते, आणि मधुमेह्याला हे रोज करता येण्यासारखं आहे. वेगाला महत्त्व आहेच: मिनिटाला साधारण १०० पावलं म्हणजे मध्यम व्यायामाची चाल. ती जमेल तेव्हा जमवावी, पण न जमलेल्या दिवशीची पावलं वाया जात नाहीत.

राहिला शेवटचा दावा, की आकडा बघून काही बदलत नाही. २००७ मध्ये २६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या तुलनात्मक चाचण्यांमध्ये पावलं मोजणारं साधं यंत्र वापरणारे लोक न वापरणाऱ्यांपेक्षा दिवसाला सुमारे अडीच हजार पावलं जास्त चालले. ज्यांनी स्वतःसमोर लक्ष्य ठेवलं त्यांच्यात वाढ दिसली. बहुतेक अभ्यास काही महिन्यांचेच होते, हेही सांगायला हवं. लक्ष्य मात्र आपलं आपण ठरवायचं. पहिला आठवडा काहीही न बदलता नुसती मोजणी करा, सरासरी काढा, तिच्यात पाचशे मिळवा, आणि ते अंगवळणी पडलं की आणखी पाचशे. पायाला जखम असेल, छातीत दुखत असेल किंवा चालताना धाप लागत असेल, तर आकडा वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.