त्या खापरांवर पिरॅमिडचं गुपित नाही, गाढवाचं भाडं आहे

काल मामांनी फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला, वर "सगळ्यांनी जरूर वाचा". म्हणे गार्डिनर नावाच्या इंग्रजाने इजिप्तची लिहिलेली खापरं जगापासून लपवली, ती संस्कृतमध्ये आहेत, त्यात पिरॅमिड बांधायचं गुपित आहे आणि तसलं "ओरिजिनल" खापर घरात ठेवलं की भरभराट होते. मामी किंमत विचारायला लागल्या म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

लपवली कसली? प्राचीन इजिप्तचा अभ्यासक असलेल्या या अ‍ॅलन गार्डिनरने यारोस्लाव चेर्नी या दुसऱ्या अभ्यासकाबरोबर १९५७ साली ऑक्सफर्डहून जाडजूड पुस्तक काढलं, त्यात गार्डिनरच्या संग्रहातल्या कितीतरी खापरांची अक्षरन् अक्षर नक्कल आहे. खापरं आज तिथल्याच अ‍ॅशमोलियन म्युझियमला आहेत. (बरीचशी तर खापरंही नाहीत, चुनखडीच्या कपच्या आहेत.)

आता पिरॅमिड. यातली बहुतेक इजिप्तमधल्या देइर अल-मदिना गावची, राजांची थडगी डोंगरात खोदणाऱ्या कारागिरांची, साधारण इ.स.पू. १३०० ते ११०० मधली. गिझाचा मोठा पिरॅमिड तेव्हाच बाराशेहून जास्त वर्षं जुना होता! म्हणजे पुलकेशीचं गुपित आपल्या वाण्याच्या यादीत शोधण्यातला प्रकार. आणि लिहिलंय काय, तर गाढव किती दिवस भाड्याने नेलं, धान्य किती मिळालं, धोब्याकडे कपडे किती गेले. त्याच पुस्तकात ब्रिटिश म्युझियममधला एक हजेरीपट पण आहे, रामसेस दुसरा या राजाच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षातला, त्यात खाडे आणि कारणं : एकाला विंचू चावला, एक बिअर बनवत बसला होता. हेच ते गुपित.

संस्कृत तर नाहीच, भाषा इजिप्शियन आणि लिपी हायरॅटिक, आपल्या मोडीसारखी झरझर लिहायची, आणि ती व्यवस्थित वाचता येते. हां, एक मान्य करावं लागेल, इजिप्तच्याच तांबड्या समुद्रावरच्या कुसैर अल-कदीम बंदरात कणन, चातन अशी भारतीय नावं लिहिलेली खापरं सापडलीत, पण ती तमिळ-ब्राह्मीत, म्हणजे जुनी तमिळ लिहायच्या लिपीत, रोमन काळातली, गार्डिनरच्या संग्रहाशी काडीचा संबंध नाही.

भरभराटीवर काय बोलणार. इजिप्तने १९८३ च्या कायद्याने जुन्या वस्तूंचा धंदाच बंद केलाय, त्यामुळे फोनवर कोणी विनाकागद असलं खापर विकत असेल तर ते एकतर बनावट नाहीतर चोरीचं. मामी, मागच्या अंगणात फुटका माठ पडलाय ना, त्याच्या तुकड्यावर दूधवाल्याचे खाडे लिहायला घ्या, याहून अस्सल होईल.