बेकारी घालवायचीय? आधी बेकार घालवा

समजा, उद्या सकाळी डोळे उघडले आणि कळलं की तुम्हाला उत्तर मॅसिडोनियाचं पंतप्रधान केलंय. घाबरू नका. देश लहान आहे. बाल्कनच्या मधोमध, समुद्र नाही, २०२१ च्या जनगणनेत वस्ती साडेअठरा लाखांच्या आत भरली. आपलं नागपूरसुद्धा त्याहून मोठं. कटकट काय ती एकच, बेकारी. २००५ साली तिथे काम करणाऱ्या आणि काम मागणाऱ्या दर शंभर माणसांमागे सदतीस जण रिकामे होते. २०२३ पर्यंत हा आकडा तेरावर आला. मधले चोवीस कुठे गेले, तेवढं शिकून घेतलंत की झालं.

कारखाने काढायच्या भानगडीत एकदम पडू नका. ते देश युगोस्लाव्हियात होता तेव्हाच काढून झाले आणि १९९१ नंतर एकेक करून बंदही पडले. आधी बेकार म्हणायचं कुणाला, ते ठरवा. आंतरराष्ट्रीय व्याख्या मोठ्या मनाची आहे. पाहणीच्या आठवड्यात ज्याने कमाईसाठी तासभर काम केलं, तो बेकार नाही. घरच्या शेतावर बिनपगारी राबणाऱ्यालाही रोजगारातच धरतात. म्हणजे स्त्रुमित्साजवळच्या एखाद्या खेड्यात सून सासऱ्याच्या मिरचीच्या वाफ्यात वाकली, की देशाचा रोजगार एकाने वाढला. तिच्या हातावर एक देनार (तिथलं चलन) पडला नाही, हा त्यांचा घरगुती मामला. शिवाय रोजगार केंद्रात नाव घातलं की आरोग्य विमा मिळायचा, म्हणून चोरून काम करणारेही रांगेत उभे राहायचे. त्यावर तोडगा म्हणून वह्याच दोन केल्या. एकीत ‘काम सक्रियपणे शोधणारे’, दुसरीत ‘इतर बेकार’. पत्रकार परिषदेला कुठली वही काखेत मारून जायचं, हे मी सांगायला हवं का?

तरी लोक हाताला काम मागतीलच. मग पुतळे उभारा. २०१० मध्ये राजधानी स्कोपियेत ‘स्कोपिये २०१४’ नावाचा बेत जाहीर झाला आणि वार्दार नदीचा काठ बघता बघता पुतळ्यांनी भरून गेला. मधल्या चौकात घोड्यावर अलेक्झांडर, खांबासकट वीस मीटरच्या वर. अलेक्झांडर आमचाच म्हणणारा शेजारचा ग्रीस चिडेल म्हणून कागदोपत्री त्याचं नाव नुसतं ‘घोड्यावरचा योद्धा’. तो ओतला इटलीत, फ्लॉरेन्सला. त्यामुळे बेकारी हटली ती तिकडच्या ओतकाम करणाऱ्यांची. असू द्या, धूळ पुसायचं काम तर आपल्याच माणसांना मिळतं! नदीत काँक्रीटची गलबतंही उभी केली. ज्या देशाला समुद्र नाही त्याच्याकडे निदान न बुडणारं आरमार तरी असावं. आधी सांगितलेला खर्च ८ कोटी युरो. पुढे पत्रकारांनी पुतळा न् पुतळा मोजला तेव्हा बेरीज ६० कोटींच्या वर गेली. २०१६ मध्ये चिडलेल्या लोकांनी या सगळ्यावर रंगाचे फुगे मारले, जणू रंगपंचमीच. मग ते धुवायलाही माणसं लागली. रोजगार असा रोजगाराला जन्म देतो.

सरकारी नोकऱ्याही आहेत. २००१ च्या ओह्रिद करारानुसार अल्पसंख्याकांना नोकऱ्यांत वाटा द्यायचा होता, आणि तो द्यायलाच हवा होता. भरती झाली, पगार सुरू झाले, फक्त टेबल-खुर्ची द्यायची राहिली. हजाराहून अधिक माणसं घरी बसून पगार घेत होती. नोकरी दिली की काम द्यायलाच हवं असं थोडंच आहे?

परदेशी भांडवलालाही आवतण द्या. जगातल्या मोठाल्या वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या, की मॅसिडोनिया म्हणजे उद्योगधंद्यांचा नवा स्वर्ग. कर सरसकट १० टक्के, आणि खास क्षेत्रात कारखाना टाकला तर दहा वर्षं तोही माफ. कारखाने खरंच आले, हजारोंना काम लागलं, हे कबूल करायला हवं. काव्हादार्त्सीच्या द्राक्षमळ्यांतली माणसं आता जर्मन गाड्यांसाठी वायरींचे जुडगे बांधतात. पगार बेताचा. स्वर्गात कुणी पगार विचारतं का?

पोरं मात्र वाट बघत नाहीत. वेलेस गावातली शिसं-जस्ताची भट्टी २००३ मध्ये बंद पडली. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तशी २०१६ मध्ये तिथल्या पोरांनी अमेरिकेच्या निवडणुकीवर खोट्या बातम्यांची दुकानं थाटली. ट्रम्पच्या बाजूच्या शंभराहून जास्त वेबसाइट या एका गावातून चालायच्या आणि जाहिरातींचे डॉलर घरबसल्या यायचे. त्यांना ओरडू नका, ‘निर्यात’ या सदरात घाला.

पण खरा रामबाण उपाय वेगळाच, आणि त्याला एक देनार लागत नाही. माणसांना जाऊ द्या. तिकडे याला जुना शब्दच आहे, ‘पेचाल्बा’: कमवायला परमुलखात जायचं आणि घरी पैसे धाडायचे. कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरी हे समजावून सांगावं लागणार नाही. स्कोपियेत जन्मलेलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे मदर तेरेसा. त्यांनी अठराव्या वर्षी घर सोडलं आणि काम काढलं ते थेट कोलकात्यात. २००९ च्या डिसेंबरात युरोपने व्हिसाची अट उठवली. ज्यांना तेवढ्याने भागत नव्हतं त्यांनी आपलं मूळ बल्गेरियन असल्याचं लिहून दिलं आणि युरोपीय संघातल्या बल्गेरियाचा पासपोर्ट घेतला. माजी पंतप्रधान ल्युब्चो गेओर्गिएव्स्की यांनी २००६ मध्येच तो घेतला होता. पुतळ्यांवाले पंतप्रधान निकोला ग्रुएव्स्की तर २०१८ मध्ये तुरुंगात जायच्या ऐन वेळी हंगेरीला पोचले. देशात पंतप्रधानांनाही करमत नसेल, तर आयटीआय झालेल्या पोराला कोणत्या तोंडाने थांबवणार?

गेलेल्यांची मोजदाद करायची घाई मात्र नको. २०११ मध्ये जनगणना सुरू झाली, परदेशी गेलेल्यांना धरायचं की नाही यावरून भांडण पेटलं आणि दहा-अकरा दिवसांत सगळं गुंडाळलं. पुढची दहा वर्षं देशाने टक्केवारी काढली ती २००२ च्या शिरगणतीच्या आधाराने. विरोधकांनी फारच छळलं तर नावाचा वाद उकरा. ‘मॅसिडोनिया’ म्हणायचं की नाही यावर ग्रीसशी सत्तावीस वर्षं भांडण झालं आणि २०१९ मध्ये पुढे ‘उत्तर’ लागलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, पण त्या नावापायी किती बैठका, किती भत्ते!

आता तिकडचे मालक गळा काढतायत, कामाला माणूस मिळत नाही म्हणून. परवाने काढून तुर्कस्तान, नेपाळ, बांगलादेशातून माणसं आणतायत, आपल्याकडूनही. तेव्हा तुमच्या गल्लीत एखादा पदवीधर पारावर बसून मोबाइल चोळत असेल, तर त्याला स्कोपियेचा नकाशा दाखवा. फक्त जाण्याआधी इथल्या रोजगार केंद्रातून नाव काढून जा म्हणावं.