राउटर भंगारात घालायचा का उघडायचा?

रात्री कोल्हापूरच्या गंगावेशीत, दूध कट्ट्यावर विषय निघाला. दिग्याच्या घरी नवी फायबर लाइन आली, कंपनीनं नवा राउटर दिला, आणि दिग्या चार वर्षं वापरलेला जुना भंगारात घालायला निघालेला.

"चालतोय की अजून," मी म्हटलं.

"चालतोय, पण अपडेट कवाच बंद झालेत. तूच म्हणत हुतास न्हवं, तसला राउटर धोक्याचा म्हणून?"

धोका खराच आहे, पण तो सॉफ्टवेअरचा. बोर्ड धडधाकट असतो. आणि आत बहुतेक वेळा लिनक्सच असतं, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम! लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी54जी राउटरमध्ये 2003 साली तेच सापडलं, जीपीएल परवान्यापोटी (लिनक्स घालून माल विकला तर त्याचा कोड द्यावा लागतो, ही त्याची अट) कंपनीला कोड खुला करावा लागला आणि 2004 मध्ये त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर कंपनीच्या ऐवजी घालता येणारं खुलं सॉफ्टवेअर, उभं राहिलं.

"मग कोड आयता मिळतोय. उघडायचं कशाला?"

कारण कितीतरी कंपन्या तो देतच नाहीत, किंवा अर्धवट देतात. याचा मला मनापासून राग येतो. फुकटचं लिनक्स घालून माल विकायचा आणि वर्षा-दोन वर्षांत हात झटकायचे!

म्हणून आत काय आहे ते बोर्डाकडूनच काढून घ्यावं लागतं. झाकण काढलं की बऱ्याचदा कडेला ओळीनं तीन-चार भोकं दिसतात, तो सिरीयल पोर्ट, राउटरशी तारेनं थेट बोलायची जागा. मल्टिमीटरनं ग्राउंड शोधायचं, 3.3 व्होल्टचा यूएसबी-टीटीएल (कॉम्प्युटर त्या पोर्टाला जोडायचा अडॅप्टर) जोडायचा, टीएक्स (पाठवायची पिन) आरएक्सला (घ्यायची पिन), आरएक्स टीएक्सला. व्हीसीसीला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पिनला, हात लावायचा नाही. वेग बहुधा सेकंदाला 115200 बिट. राउटर चालू करायचं बटण दाबलं की कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर भराभर ओळी येतात: चिप कुठली, रॅम किती, फ्लॅशचे (सॉफ्टवेअर साठवायच्या मेमरीचे) भाग कुठून कुठवर.

उद्यमनगरातला बापू इतका वेळ गप्प होता. "आमच्यागतच की. जळकी मोटर आली की आदी जुनं वेढं मोजायचं, तारेचा गेज बघायचा, मग नवी भरायची."

अगदी तेच. फक्त इथं मोजायच्याही आधी फ्लॅशची पूर्ण कॉपी घ्यायची. त्यातलं वायफायचं कॅलिब्रेशन (कारखान्यात जुळवून ठेवलेली मापं) त्या एकाच डब्यापुरतं असतं. ते पुसलं तर तसल्याच दुसऱ्या राउटरमधनं आणून भागत नाही.

"आणि एवढं करून ओपनडब्ल्यूआरटी बसलंच न्हाई तर?" दिग्या काय सोडेना.

तेही होतं. आता किमान 8 एमबी फ्लॅश आणि 64 एमबी रॅम लागते. 4 आणि 32 वाल्याच्या मागं लागण्यात अर्थ नाही. ब्रॉडकॉम कंपनीची वायफाय चिप निघाली तर खुल्या ड्रायव्हरची (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) बोंब. तसला डबा खुशाल ई-कचऱ्यात द्यावा, पण आत काय आहे ते बघून.

"बरं, उद्या आणतो बापूच्या दुकानात."

"आदी खालच्या स्टिकरचा फोटो पाठव," मी म्हटलं, "व्हर्जन नंबर दिसंल असा." मॉडेलचं नाव तेच ठेवून आतलं सगळं बदलतात. त्याच डब्ल्यूआरटी54जी च्या पाचव्या व्हर्जनमध्ये मेमरी निम्म्यावर आणली होती आणि लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंद कोडची सिस्टीम घातली होती.