फ्लॅप काळा पडला म्हणजे कॅन्सर परत आला, हे खरं नाही

खारघर-वाशीच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'तोंडाच्या कॅन्सरनंतर जबड्यात बसवलेलं मांस शरीर नाकारतं. ते काळं पडलं की कॅन्सर परतला समजा. प्लास्टिक सर्जरी करूच नका.'

हे साफ चुकीचं आहे. फ्लॅप, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातून काढून जबड्यात बसवलेलं हे मांस, पेशंटचा स्वतःचाच असतो, शरीर त्याला परकं मानत नाही. जबड्यासाठी अनेकदा नडगीशेजारचं फिब्युला हाड त्वचेसकट काढतात आणि त्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. रंग बदलतो तो तिथलं रक्त अडल्यामुळे. शिरेत गुठळी झाली तर फ्लॅप जांभळा पडून फुगतो, धमनी बंद झाली तर पांढरा, गार पडतो. हा धोका पहिल्या 2-3 दिवसांत सर्वाधिक, म्हणून सिस्टर रात्रीसुद्धा वारंवार येऊन बघतात. कृपा करून त्यांना 'पेशंटला झोपू द्या' म्हणू नका. वेळेत पुन्हा ऑपरेशन केलं तर फ्लॅप अनेकदा वाचतो. नाहीच वाचला तर बहुतेकांना दुसरा लावता येतो.

घरी आल्यावर मानेच्या जखमेतून लाळ किंवा पू आला, ताप चढला, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. आणि तो मेसेज पुढे पाठवू नका. तो वाचून कुणीतरी ऑपरेशनच लांबणीवर टाकेल.